हाली, कलदार आणि एकच व्याजदर

१ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरियाने आपले ‘लेव्ह’ हे चलन सोडून युरो स्वीकारला. युरो वापरणारा तो एकविसावा देश. प्रवेशाआधी त्याची परीक्षा बरीच वर्षे चालली होती. महागाई किती, सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत आहे का, कर्ज साठ टक्क्यांच्या आत आहे का, व्याजदर आणि विनिमय दर स्थिर आहेत का, असे ते प्रश्न. मुलीकडच्यांनी स्थळ बघायला जावे आणि पगार, घर, कर्ज तेवढे विचारून परत यावे, तशी ही परीक्षा आहे. दोघांचे पटेल का, हा प्रश्न तिच्यात नाही.

तो प्रश्न ब्रिटनने विचारला होता. युरो घ्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी १९९७ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी स्वतःच्या पाच कसोट्या जाहीर केल्या. पहिलीच कसोटी अशी, की आपली तेजी-मंदीची चक्रे आणि युरोपची चक्रे इतकी जुळतात का, की युरोपने ठरवलेला व्याजदर आपल्याला कायमचा सोसेल? जून २००३ मध्ये उत्तर आले, ‘अजून नाही.’ पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

मला ब्राऊन यांचा प्रश्न बल्गेरियाला विचारलेल्या प्रश्नांपेक्षा अधिक खरा वाटतो, तरीही तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न कोणता, हे समजून घ्यायला युरोपात जायची गरज नाही. भारत हाही एक चलनसंघच आहे: एक रुपया, एक रिझर्व्ह बँक, एक रेपो दर. आणि मराठी मुलखाचा एक मोठा तुकडा या संघात फार उशिरा आला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत भारतीय रुपया हे रोजचे चलन झाले ते १९५० नंतर. तुमची चक्रे पुण्या-मुंबईशी जुळतात का, असे त्यांना कोणी विचारले नव्हते. आज सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी तो प्रश्न विचारून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

आधी ‘चक्र’ म्हणजे काय ते पाहू. मी बुधवार पेठेत राहते, तेव्हा उदाहरण पेठेतलेच घेते. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने आहेत. तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपास विजेचे सामान आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळतात. मध्ये तुळशीबाग. जूनमध्ये शाळा उघडतात आणि चौकात पाय ठेवायला जागा नसते. भाद्रपदात माळा, दिवे आणि ध्वनिक्षेपकांच्या तारांनी तपकीर गल्ली भरते. लग्नसराईत तुळशीबागेत चालता येत नाही. हे सगळे चढउतार आहेत, पण अर्थशास्त्र ज्याला व्यापारचक्र म्हणते ते हे नव्हे. हा मोसम आहे, तो दरवर्षी येतो आणि दुकानदाराने तो गृहीत धरलेला असतो. पुस्तकवाला ऑक्टोबरमध्ये गिऱ्हाईक नाही म्हणून घाबरत नाही.

व्यापारचक्र दिसते ते मोसम बाजूला काढल्यावर. या जूनची विक्री गेल्या जूनशी ताडून पाहायची, आणि धंद्याची दरवर्षीची नेहमीची वाढ त्यातून वजा करायची. जे उरते ते कधी शून्याच्या वर असते, कधी खाली. वर असले की तेजी, खाली असले की मंदी. २०२० मध्ये पुस्तके, दिवे आणि बांगड्या तिन्ही एकाच वेळी शून्याच्या खाली गेल्या. म्हणजे मोसम तिघांचे वेगळे असले, तरी चक्र त्या वर्षी एकच होते. दोन प्रदेशांची अशी चक्रे एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जात असतील, तर ती एका तालात आहेत असे म्हणायचे.

हे मोजायची रीत सोपी आहे. दोन्ही प्रदेशांच्या उत्पन्नाची वर्षावर्षाची मालिका घ्यायची, प्रत्येकीतून दीर्घकालीन कल काढून टाकायचा आणि उरलेल्या चढउतारांचा सहसंबंध गुणक काढायचा. तो उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान येतो. एकाच्या जवळ आला तर ताल जुळला, शून्याच्या आसपास असेल तर ज्याचे त्याचे वेगळे चालले आहे, आणि उणे असेल तर एक हसतो तेव्हा दुसरा रडतो. चलनसंघावरच्या शेकडो शोधनिबंधांचा पाया एवढाच आहे.

पण या आकड्याला एक खोड आहे आणि ती फार कमी ठिकाणी सांगितली जाते. समजा, एका प्रदेशाचे उत्पन्न चांगल्या वर्षी नेहमीपेक्षा दोन टक्के वर जाते आणि वाईट वर्षी एक टक्का खाली येते. दुसऱ्याचे त्याच वर्षांत आठ टक्के वर आणि चार टक्के खाली जाते. (आकडे माझ्या मनाचे, समजावण्यापुरते.) सहसंबंध गुणक पूर्ण एक येईल. कागदावर दोघांचा ताल शंभर टक्के जुळला. पण एकजण टाळी वाजवतो आहे आणि दुसऱ्याच्या छातीत ढोल वाजतो आहे. टाळीवाल्याला जेवढे औषध पुरते तेवढे ढोलवाल्याला पुरणार नाही.

औषध म्हणजे मुख्यतः व्याजदर. मंदीत मध्यवर्ती बँक व्याज उतरवते, तेजीने महागाई चढली की वाढवते. स्वतःचे चलन असलेल्या देशाच्या हाती आणखी एक साधन असते: चलनाचा भाव पडू द्यायचा, म्हणजे आपला माल बाहेर स्वस्त होतो आणि मागणी सावरते. चलनसंघात शिरताना ही दोन्ही साधने दारात ठेवून जावे लागते. आत सगळ्यांना एकच व्याजदर, आणि तो सरासरी पाहून ठरलेला.

सरासरीने काय होते ते युरोपने दाखवले. जून २००३ पासून डिसेंबर २००५ पर्यंत युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मुख्य दर दोन टक्के होता. जर्मनी तेव्हा आजारी होता. २००५ च्या सुरुवातीला तिथे बेकारांची संख्या पन्नास लाखांच्या वर गेली होती, त्याला दोन टक्केही जड होते. त्याच वेळी स्पेनमध्ये महागाई तीन टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे कर्ज काढणाऱ्याला खरे व्याज शून्याहूनही कमी पडत होते. लोकांनी घरे बांधली, घेतली, पुन्हा बांधली. आयर्लंडमध्येही तेच. २००८ नंतर त्या घरांचे काय झाले ते जगाने पाहिले. जर्मनीच्या तब्येतीसाठी काढलेला काढा स्पेनने प्यायला होता.

हा धोका सिद्धान्तात मांडणारे रॉबर्ट मंडेल यांचा निबंध १९६१ सालचा आहे. त्यांचे उदाहरण साधे होते. अमेरिका आणि कॅनडा ही दोन राष्ट्रे, दोन चलने. पण दोन्हींच्या पूर्वेला मोटारी बनतात आणि पश्चिमेला लाकूडकाम होते. मोटारींपेक्षा लाकडाला मागणी वाढली, की दोन्ही देशांचा पूर्व भाग मंदीत जाईल आणि पश्चिम भाग तेजीत. मग अमेरिकेचे चलन आणि कॅनडाचे चलन यांतला भाव बदलून उपयोग काय? दुभंग पूर्व-पश्चिम आहे आणि चलने उत्तर-दक्षिण. नाण्याची योग्य हद्द राजकीय नकाशावर असेलच असे नाही, हा त्यांचा मुद्दा. मग एका नाण्याखाली वेगवेगळ्या तालाचे प्रदेश आलेच, तर ते टिकतील कशावर? मंडेल यांचे उत्तर होते: माणसे मंदीच्या भागातून तेजीच्या भागात जाऊ शकली पाहिजेत. पुढे १९६९ मध्ये पीटर केनन यांनी दुसरी गोष्ट जोडली. एक सामायिक खजिना हवा, जो तेजीच्या भागातून कर घेईल आणि मंदीच्या भागात खर्च करेल.

माणसांचे जाणे आणि पैशांचे येणे. या दोन गोष्टी लक्षात ठेवून आता आपल्या मुलखाकडे वळू.

एकच नाणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट नाही. पेशवाईतल्या पुण्यात अंकुशी, चांदवडी, सुरती, अर्काटी असे नाना रुपये चालत. प्रत्येकाचे वजन वेगळे, कस वेगळा. नाणे पारखून त्याचा भाव ठरवणारा पोतदार आणि मोड देणारा सराफ यांच्यावाचून व्यवहार होत नसे. एक रुपया दुसऱ्यात बदलताना जी तूट सोसावी लागे तो बट्टा. नावाला बट्टा लागतो तो शब्द आपल्या तोंडी अजून आहे, बट्ट्याचा व्यवहार मात्र गेला. सारा एका नाण्यात मागितला आणि धान्य विकून हाती दुसरे नाणे आले, तर मधला बट्टा शेतकऱ्याच्या माथी. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया सर्वत्र लागू केला आणि ही दलाली हळूहळू संपली. चलनसंघाचा फायदा मोजताना मी नेहमी या बट्ट्यापासून सुरुवात करते, कारण तोटे सांगताना माणसे हा फायदा विसरतात.

तोटाही याच काळात, पुणे जिल्ह्यातच दिसतो. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला आणि दख्खनमध्ये कापसाचा भाव कडाडला. कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळला, सावकाराने हात आखडला आणि साऱ्याची फेरआकारणी मात्र वाढीव झाली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. ही दंगल आपण सावकारीच्या इतिहासात वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथे आणखी एक गोष्ट दिसते: भीमथडीच्या शेताचा ताल लिव्हरपूलच्या बाजाराशी जुळला होता, आणि पडत्या काळात आधार देणारा सामायिक खजिना मात्र नव्हता. उलट सारा वसूल करणारा खजिना होता. मोठ्या बाजाराशी ताल जुळणे ही सुरक्षितता नव्हे, याचा दाखला म्हणून मला सुपे युरोपातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा जवळचे वाटते.

हे चालू असताना बालाघाटापलीकडे दुसराच रुपया होता. निजामाच्या राज्यातल्या रुपयाला ‘हाली सिक्का’ म्हणत, आणि इंग्रजी मुलखातल्या रुपयाला ‘कलदार’, म्हणजे कळेने, यंत्राने पाडलेला. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हे दोन शब्द जोडीने येतात. किंमत सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला: हाली की कलदार? पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ पासून, हैदराबादने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या संस्थानांत इतकी पूर्ण चलनव्यवस्था क्वचितच दुसरीकडे होती.

भाव असा होता: सहा कलदारांना सात हाली. एका कलदार रुपयाला एक रुपया दोन आणे आठ पै हाली. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै. बुधवार पेठेतल्या व्यापाऱ्याने कापड बीडला पाठवायचे, किंवा बार्शीच्या अडत्याने उस्मानाबादकडचा भुईमूग घ्यायचा, तर प्रत्येक पावतीवर हा सात-सहाचा हिशेब आला. शिवाय सरहद्दीवर निजाम सरकारची जकात.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली आणि हैदराबाद भारतात आले. १९५० मध्ये तिथे भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू झाला, भाव तोच, सात हालींना सहा. नवे हाली काढणे लवकरच थांबले, जुने हळूहळू मागे घेतले गेले आणि १९५९ पर्यंत हाली कायमचा गेला. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे नाण्याचे विलीनीकरण आणि राज्याचे विलीनीकरण साधारण एकाच दशकात झाले.

आता ब्राऊन यांचा प्रश्न. मराठवाड्याने हाली सोडला तेव्हा काय गमावले? तत्त्वतः, दुष्काळात चलनाचा भाव पडू देऊन सावरण्याची सोय. प्रत्यक्षात ती सोय हालीला कधी वापरायला मिळालीच नव्हती, कारण सात-सहाचा भाव आधीपासून बांधलेला होता. बल्गेरियाचेही तेच. १९९७ पासून त्याचा लेव्ह आधी जर्मन मार्काला आणि मग युरोला घट्ट बांधलेला होता. युरो घेताना त्याने जे सोडले ते बऱ्याच अंशी नावापुरतेच होते. ज्याचा भाव वर्षानुवर्षे बांधलेला आहे तो संघात राहतच असतो, फक्त तिथल्या सभेत त्याला मत नसते.

ताल मात्र जुळलेला नव्हता. पावसावर चालणारा, ज्वारी-कापसाचा मराठवाडा एकीकडे. गिरण्या, कारखाने, बंदर आणि बँका असलेली मुंबई, आणि तिच्यामागून उद्योगांकडे वळलेले पुणे दुसरीकडे. जूनमध्ये पाऊस ओढ देतो तेव्हा पिंपरीतल्या कारखान्याची पाळी चुकत नाही. सिद्धान्ताच्या भाषेत हे अपात्र जोडपे होते.

कसोटीची वेळ १९७२ मध्ये आली. लागोपाठच्या अवर्षणाने मराठवाडा आणि नगर, सोलापूर, पूर्व पुणे हा सगळा पट्टा उघडा पडला. त्या पिढीला मिलोची लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी अजून आठवते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडत होती, रस्ते बांधत होती, पाझर तलाव खोदत होती. तासगाव तालुक्यात विसापूरला वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये जो छोटा प्रयोग सुरू केला होता, त्याची रोजगार हमी योजना झाली. विधिमंडळाने १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. २००५ च्या केंद्रीय कायद्याला याच योजनेचा आदर्श होता.

योजनेची ही बाजू सर्वांना माहीत आहे. तिला पैसा कुठून आला, ही बाजू कमी माहीत आहे, आणि आपल्या विषयासाठी तीच महत्त्वाची. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. पगारदाराच्या पगारातून दरमहा कापला जातो तो, डॉक्टर, वकील, दुकानदार वर्षाला भरतात तो. हा पैसा रोजगार हमीसाठी होता. कर येणार प्रामुख्याने शहरांतून, मुंबई-पुण्यातून. आणि खर्च होणार जिथे पाऊस पडला नाही तिथे, बीडला, उस्मानाबादला, मंगळवेढ्याला. शिवाय ही यंत्रणा आपोआप चालणारी होती. दुष्काळ पडला की कामावर येणाऱ्यांची संख्या वाढते आणि पैसा तिकडे जातो. पाऊस चांगला झाला की माणसे शेतावर परततात आणि खर्च आटतो. केनन यांनी कागदावर मांडलेला सामायिक खजिना तो हाच. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने भरलेला कर बीडमधल्या पाझर तलावाच्या मजुरीत जात होता. आपण चलनसंघ टिकवतो आहोत याची दोघांनाही कल्पना असण्याचे कारण नव्हते.

मंडेल यांची अट मात्र इतकी सुंदर रीतीने पुरी झाली नाही. ‘श्रमिकांची गतिशीलता’ हा शब्द पाठ्यपुस्तकात फार स्वच्छ दिसतो. बीड जिल्ह्यात त्याचे नाव कोयता आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. हिशेब जोडप्याचा धरतात: नवरा-बायको मिळून एक कोयता. मुले फडावर, शाळा अर्धवट. मंदीच्या प्रदेशातून तेजीच्या प्रदेशात माणसे जातात, हे अगदी खरे आहे. समीकरण जुळते. फक्त ते जुळवण्याची किंमत कोण देते, हा रकाना समीकरणात नसतो. गतिशीलता किती आहे एवढेच विचारून एखाद्या प्रदेशाला ‘पात्र’ ठरवणाऱ्या अभ्यासांविषयी मला जो संशय आहे, त्याचे मूळ इथे आहे.

एकत्र राहून राहून ताल जुळतो का? यावर अर्थशास्त्रज्ञांत जुना वाद आहे. जेफ्री फ्रँकेल आणि अँड्र्यू रोझ यांनी १९९८ मध्ये म्हटले की जुळतो: नाणे एक झाले की व्यापार वाढतो, व्यापार वाढला की चक्रे जवळ येतात, म्हणजे प्रवेशाच्या वेळी नापास होणारा नंतर पास होऊ शकतो. पॉल क्रुगमन यांचे म्हणणे उलट: अडथळे गेले की उद्योग एका ठिकाणी गोळा होतात, प्रत्येक प्रदेश एकाच कामात मुरतो आणि ताल आणखी फाटतो.

मराठवाड्यात दोघेही बरोबर आहेत, हे मला या विषयातले सर्वांत लक्षणीय वाटते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना औरंगाबादजवळ वाळूजला आला. त्याच्यामागून सुटे भाग बनवणारे आले. आज छत्रपती संभाजीनगर या उद्योगापुरते पिंपरी-चिंचवडचे भावंड आहे. दुचाकींची मागणी घटली की आकुर्डी-चाकणलाही झळ लागते आणि वाळूजलाही, एकाच महिन्यात. इथे फ्रँकेल-रोझ जिंकले. पण तिथून दक्षिणेला बीडच्या रस्त्याला लागा. तासा-दोन तासांत तुम्ही अशा मुलखात येता जिथे अजून मृगाचा पाऊस हाच व्याजदर आहे. मंडेल यांच्या मोटारी आणि लाकूड इथे एकाच प्रशासकीय विभागात सापडतात. नाण्याची योग्य हद्द काढायची म्हटली, तर ती पुणे आणि मराठवाडा यांच्यामधून जाणार नाही; ती वाळूज आणि गेवराई यांच्यामधून जाईल. अर्थात तसे नाणे कोणी पाडणार नाही, आणि पाडूही नये.

एप्रिल २०१६ चे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. ५ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने उतरवून साडेसहा केला. देशाची महागाई, देशाची वाढ, देशाची सरासरी पाहून. त्याच महिन्यात लातूरला पिण्याचे पाणी उरले नाही म्हणून मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पुण्यातल्या घराच्या कर्जाचा हप्ता त्या पाव टक्क्याने थोडा हलका झाला असेल. लातूरच्या माणसाला त्या दराचा काय उपयोग होता? सावकाराचे व्याज आणि मुकादमाची उचल रेपो दराकडे पाहून ठरत नाहीत. लातूरला जे पोहोचले ते व्याजदराच्या वाटेने आले नाही, रुळांवरून आले. ते पाठवायचा निर्णय कोणाचा तरी होता आणि खर्च सामायिक खजिन्याचा.

गोव्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे. गोवा या रुपयाशी दोनदा जोडला गेला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये पोर्तुगीज हिंदुस्थानचा रुपया इंग्रजी रुपयाच्या धर्तीवर, कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडला गेला. १८९२ मध्ये करार संपला आणि तो संघही. दुसऱ्यांदा १९६१ च्या मुक्तीनंतर, एस्कुदो जाऊन भारतीय रुपया आला, तो कायमचा. पुढे २०१२ मध्ये गोव्यातले लोहखनिजाचे उत्खनन बंद झाले. ट्रक दारात उभे राहिले, मांडवी-झुआरीतले बार्ज थांबले. त्या वर्षी बाकी देशात तसे काही झाले नव्हते, म्हणून व्याजदर गोव्यासाठी हलण्याचा प्रश्नच नव्हता. पाऊस न पडणे सगळ्यांना समजते. न्यायालयाच्या एका आदेशाने एकट्या राज्याचे चक्र तुटू शकते, हे मागची तीस वर्षे पाहून काढलेल्या सहसंबंध गुणकात कधीच दिसत नाही. पुढचा धक्का कसला असेल हे मागच्या मालिकेला ठाऊक नसते.

युरोपची अडचण इथे नेमकी कळते. ग्रीस २००१ मध्ये युरोत आला. २००८ नंतर त्याची अर्थव्यवस्था जवळजवळ पाव भागाने आकसली, २०१३ मध्ये बेकारी सत्तावीस टक्क्यांवर गेली. इतका मोठा फरक आपल्याकडेही पडला आहे, कदाचित याहून मोठा. फरक असा, की युरोपीय संघाचे सामायिक अंदाजपत्रक एकूण उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या आसपास आहे. अथेन्सच्या बेकारासाठी म्युनिकच्या दुकानदाराच्या खिशातून आपोआप काही जात नाही. जे गेले ते कर्ज म्हणून गेले, अटींसह आणि अपमानासह. २०२० मध्ये पहिल्यांदा युरोपने मिळून साडेसातशे अब्ज युरोंचा निधी उभारायचे ठरवले, आणि तोही महामारीने सगळ्यांना एकाच वेळी आडवे केले तेव्हा. ताल जुळला त्या वर्षी हात पुढे आला. न जुळण्याच्या वर्षी तो जास्त हवा होता.

मंडेल स्वतः १९७३ मध्ये दुसऱ्या टोकाला पोहोचले होते. त्यांचे नंतरचे म्हणणे असे, की चक्रे वेगळी असणे हेच एकत्र येण्याचे कारण ठरू शकते: दोघांची वाईट वर्षे वेगळी असतील तर एकमेकांच्या उत्पन्नात वाटा ठेवून दोघेही सावरतील. पुण्यातल्या पेठांना वारांची नावे आहेत; त्या त्या वारी तिथे बाजार भरे, असे सांगतात. सगळ्या पेठांचा बाजार एकाच वारी भरला असता, तर फिरत्या व्यापाऱ्याचे सहा दिवस उपाशी गेले असते. मात्र हे गणित चालते ते वाटा असेल तरच. एकाची पेटी दुसऱ्यासाठी उघडणार नसेल तर वेगळे वार म्हणजे नुसती वेगवेगळी उपासमार.

म्हणून एखादा प्रदेश चलनसंघासाठी तयार आहे का, हा प्रश्न मी त्या प्रदेशाला आधी विचारणार नाही. जे आधीच आत आहेत त्यांना विचारेन: याचे वाईट वर्ष तुमचे चांगले वर्ष असेल, तेव्हा तुम्ही काय द्याल, आणि ते दरवेळी भांडून द्याल की नियमाने? महाराष्ट्रात हे भांडण १९५३ च्या नागपूर करारापासून चालू आहे. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, २०१३ मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला. यातले बरेचसे रस्ते, सिंचन, शाळा यांच्या जुन्या तुटीबद्दल आहे. तो प्रश्न मोठा आहे, पण वाईट वर्षी आपोआप पुढे येणाऱ्या हाताचा प्रश्न त्याहून वेगळा आहे, आणि त्या हाताकडे मात्र कोणाचे लक्ष नाही.

व्यवसाय कराला राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने कमाल मर्यादा घातली आहे. ती आधी माणशी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. आमच्या पेठेतला व्यापारी आजही जास्तीत जास्त तेवढाच भरतो. पगारदाराच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये जातात आणि फेब्रुवारीत तीनशे. १९८८ नंतर त्याचा पगार आणि त्या व्यापाऱ्याची उलाढाल कितीतरी पटींनी वाढली, रुपयाची किंमत कितीतरी पटींनी उतरली, आणि तो आकडा आहे तिथेच आहे.